मिरच्यांचा फोल्डर

“टुंग.”

त्याआधी घरात कसलाच आवाज नव्हता. दुन्या आतल्या खोलीत झोपली होती, एक मोजा पायात आणि एक मुठीत. ओट्यावर भाजलेल्या लाल मिरच्या पातेल्यात झाकून ठेवल्या होत्या, सालं सुटावीत म्हणून. आणि सासूबाईंच्या कॉम्प्युटरने, ज्याला हात लावायला नेवेनाला कुणी सांगितलं नव्हतं, काम फत्ते झाल्याचं असं एका टुंगमध्ये कळवलं.

गेला. हिरव्या चक्राचा तो ब्राउझर गेला एकदाचा. नेवेनाने कपाळावरचा घाम पुसला.

झालं होतं एवढंच. दुपारी दुन्याच्या बालवाडीच्या वेळा बघायला म्हणून ती पाच मिनिटं सासूबाईंच्या खुर्चीत बसली. तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यातून एक पिवळा चेहरा वर आला आणि म्हणाला, तुमच्या यंत्रात धोका आहे. तिने तो बंद केला. तो दुसऱ्या कोपऱ्यातून आला. तिने बंद केला. मग दोन आले. आज सासूबाई सोकोबान्याहून परत येणार, महिनाभर गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकून, आणि आल्या आल्या हे पिवळं तोंड बघणार, या विचाराने नेवेना घाबरली. भीतीच्या भरात माणूस अर्धवट काही करत नाही. तिने तो ब्राउझरच मुळापासून उपटला.

चेहरा गेला. नेवेना हसली. मग तिचं लक्ष ‘मिरच्या’ नावाच्या फोल्डरकडे गेलं आणि तिचं हसू तिथेच वाळलं.

काल त्यातल्या प्रत्येक फाईलवर हिरवं चक्र होतं. आता एकावरही काही नव्हतं. सगळे पांढरे कागद. रांगेने, कोरे, एकसारखे.

त्या फोल्डरात तिचे सासरे होते.

म्हणजे तिहोमिर तसे टेकडीवरच्या दफनभूमीत होते, पण त्यांचं बोलणं इथे होतं. भल्या माणसाने आयुष्यभर गिरणीत माग दुरुस्त केले आणि निवृत्त झाल्यावर इंटरनेटवर आयवारवरून, म्हणजे मिरच्यांच्या चटणीवरून, भांडण केलं. लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, कुटायच्या आणि हात गळून पडेस्तोवर ढवळायच्या, इथपर्यंत सगळ्या देशाचं एकमत आहे. त्यात वांगं घालायचं की नाही, तिथे सोयरिकी मोडतात. इथे लेस्कोवात्समध्ये वांगं म्हणजे पाप. उत्तरेकडचे लोक खुशाल घालतात. या वादासाठी एक गप्पांचा कट्टा होता आणि त्यावर तिहोमिर रोज, सणावारीही, वांग्याविरुद्ध लढत. कट्टा बंद पडणार असं कळल्यावर त्यांनी एकेक पान कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. कट्टा बंद पडला आणि त्याच हिवाळ्यात तेही गेले. दुन्याची आणि त्यांची चुकामूक जेमतेम आठवड्याची.

तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता राडोय्का, म्हणजे सासूबाई, कॉफीचा कप घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत जात, दार लावून घेत आणि एक पान वाचत. एकच. त्या वेळी घराला आग लागली तरी हाक मारायची नाही असा नियम होता. दाराआडून कधी कधी दबका, धक्क्याधक्क्याने येणारा आवाज यायचा. तो ऐकू आला की नेवेना स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडायची. कुणाचं रडणं चोरून ऐकू नये. ज्या बाईने गिरणीत शंभर मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून कामगारांची पाळी चालवली, तिचं तर नाहीच नाही.

आज बस चारच्या आत पोचणार होती. सासूबाईंनी ती मुद्दाम तशी निवडली होती, कॉफीसाठी.

नेवेनाने नवऱ्याला फोन लावला.

“बोग्दान, कुठे आहेस?”

“हंगेरीच्या सीमेवर. रांगेत. का गं? आवाज असा का?”

“मी आईंचा ब्राउझर काढून टाकला.”

पलीकडे ट्रकचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

“आणि बाबांची पानं?”

“पांढरी झाली.”

“पांढरी म्हणजे? गेली?”

“मला कळत असतं तर तुला फोन केला असता का!”

“बरं, बरं. बंद करून परत चालू कर.”

“केलं. दोनदा.”

“मग आईला सांगू नकोस.”

“अरे, त्या चारला समोर बसणार आहेत!”

“मग सांग,” बोग्दान म्हणाला. आल्प्सच्या घाटातून बर्फात ट्रक उतरवणारा हा माणूस, पण आवाज एकदम बारीक झाला. “फक्त माझं नाव काढू नकोस. ए, रांग हलली, ठेवतो.”

नेवेनाने एका पांढऱ्या कागदावर दोनदा टिचकी मारली. कॉम्प्युटरने विचारलं, ही फाईल कशात उघडायची? खाली नावांची यादी. आजवर त्याने तिला कधी काही विचारलं नव्हतं आणि आज नेमकं विचारलं, जसा परीक्षेत नेमका न वाचलेला धडा येतो. तिने फोटोंच्या प्रोग्रॅमला सांगितलं. त्याने उघडता येत नाही म्हणून हात झटकले. गाण्यांच्या प्रोग्रॅमला सांगितलं. तो गप्प बसून राहिला. मग यादीत टिपणं लिहायची साधी वही दिसली. वही कुणाला नाही म्हणणार, असं वाटून तिने ती निवडली आणि ‘नेहमी यातच’ वर खूणही करून टाकली.

वही उघडली. आणि तिच्यात तिरपे कंस, उभे दांडे, आकडे, परकी अक्षरं, पुन्हा कंस, असा सगळा कचरा वरपासून खालपर्यंत भरलेला. सासऱ्यांचं एक वाक्य नाही. फोल्डरात बघितलं तर आता प्रत्येक पांढऱ्या कागदावर वहीचं चित्र आलेलं. म्हणजे कालपर्यंत माणूस होता, मघाशी कोरा झाला आणि आता तिने स्वतःच्या हाताने त्याचं पीठ केलं.

नेवेनाला रडू फुटलं. दुन्या उठू नये म्हणून ती स्वयंपाकाच्या फडक्यात तोंड खुपसून रडली.

मग वाटलं, बाकीचं तरी आहे का? लग्नाचे फोटो उघडले. होते. दुन्याचा पहिला दात होता. शेजारीच सासऱ्यांच्या पाचव्या वर्षदिनाचं पत्रक दिसलं, येत्या हिवाळ्यात गल्लीतल्या फाटकांवर आणि खांबांवर चिकटवायचं, कुणी गेलं की लावतात तसंच काळ्या चौकटीचं. तेही उघडून बघावं म्हणून तिने यादी काढली, पण डोळ्यांत एवढं पाणी होतं की टिचकी ‘उघडा’च्या खालच्या ‘छापा’वर बसली.

पॅसेजमधला प्रिंटर खडबडून जागा झाला. बोग्दानने त्याला शेवटचं काम अख्ख्या गल्लीपुरतं दिलं होतं आणि आकडा तसाच ठेवला होता. काळ्या चौकटीचा एक कोमट कागद बाहेर सरकला. त्यामागे दुसरा. मग तिसरा.

आणि त्याच वेळी शेजारच्या झागोर्का काकू चाळणी परत करायला दारात आल्या. या गल्लीत दार वाजवून येतात ते फक्त वीजमीटरवाले.

काकूंनी काय बघितलं? सुजलेल्या डोळ्यांची सून. घरात सामसूम. थोरली बाई महिनाभर गावाबाहेर, तेही तब्येतीसाठी. आणि यंत्रातून एकामागून एक बाहेर पडणारी काळी चौकट. चष्मा काकूंच्या घरी होता, आणि असता तरी अशा वेळी कागदावरचं नाव वाचत उभं राहणं त्यांना शोभलं नसतं. कोण, कसं, कधी, हे विचारायचं नसतं. ते घरच्यांनी सांगायचं असतं, त्यांना जमेल तेव्हा.

त्यांनी चाळणी खाली ठेवली, छातीवर क्रूस काढला, नेवेनाला घट्ट मिठी मारली आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या.

किती माया करतात माझ्यावर, असं वाटून नेवेनाला आणखीच भरून आलं.

तिने प्रिंटरची वायर ओढेपर्यंत कागदांचा गठ्ठा झाला होता. तो कुठे लपवावा या विवंचनेत असतानाच बेकरीवाली सावका आली. हातात कॉफीचं पुडकं आणि साखर. तिने दोन्ही टेबलावर ठेवलं, मान खाली घातली, कोपऱ्यातली खुर्ची घेतली. मागोमाग टपाल कचेरीतला मिलुतिन, राकिया दारूची बाटली घेऊन. त्याच्यामागे दोघी काळे रुमाल बांधलेल्या, हातात आणखी साखर. कुणीतरी पॅसेजमधल्या आरशावर पलंगपोस टाकला. कुणीतरी, मयताच्या घरी करतात तसं, घड्याळ थांबवायला हात वर केला.

घड्याळापाशी नेवेनाच्या डोक्यात प्रकाश पडला.

“थांबा! कोण गेलंय?”

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. झागोर्का काकू पुढे झाल्या. त्यांनी तेवढ्यात काळा झगा घातला होता.

“बस पोरी. पाणी पी.”

“काकू, आई गेलेल्या नाहीत! आई ठणठणीत आहेत!”

“हो गं बाई,” काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. “मला कळतं. माझी आई गेली ना, तेव्हा मी पण आठवडाभर तिचं ताट वाढत होते.”

“अहो, खरंच! चार वाजता येतायत त्या!”

काकूंचे यजमान स्तोयान काका बाटली खाली ठेवून उठले.

“चारला आणतायत होय,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “म्हणजे वेळ नाही. त्या फाटकातून शवपेटी आडवी यायची नाही. मी फाटक काढून ठेवतो.” आणि ते पान्हा आणायला गेले.

नेवेनाने सासूबाईंना फोन लावला. बस डोंगरात असावी, लागला नाही. पुन्हा लावला. गेलेल्या बाईला ही पोर फोन लावतेय हे बघून सावकाने हुंदका दिला आणि मग सगळ्याच बायकांना आवरेना. नेवेनाने गठ्ठ्यातलं एक पत्रक काकूंच्या नाकासमोर धरलं. “हे बाबांचं आहे, काकू! बाबांचं! नाव वाचा!” काकूंनी तो कागद हळूच तिच्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि बाजूला ठेवला. “आता नको गं ते बघूस. मयताचे गहू मी भिजत घातलेत, त्याची काळजी करू नकोस.”

त्या गव्हाने नेवेना खचली. गहू भिजत पडले म्हणजे मरण पक्कं.

आता तिला दोन भीती होत्या आणि त्या एकमेकींशी भांडत होत्या. सासूबाई आल्या नाहीत तर हे लोक त्यांना पुरल्याशिवाय हलणार नाहीत. आल्या, तर पहिल्यांदा स्वतःचं मयत बघणार, मग कॉफी मागणार आणि मग कॉम्प्युटरपुढे बसणार. मयत त्या कदाचित माफ करतील. कॉम्प्युटर नाही.

बाहेर फाटकाचे गंजलेले बोल्ट किंचाळत निघत होते.

“आई,” दुन्या दारात उभी होती, गालावर उशीची घडी उमटलेली. “वाढदिवस आहे?”

“नाही गं सोन्या.”

“मग इतकी साखर?”

तिने साखरेची पुडकी मोजून न बघता सगळीच जवळ ओढली आणि भावलीसाठी घर बांधायला घेतलं. नेवेनाने तिला साखरेसकट उचललं, कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं आणि मांडीवर घेतलं. या पोरीच्या मानेला झोपेतून उठल्यावर कोमट पावासारखा वास येतो, आणि आज नेवेनाला श्वास घ्यायला तेवढी एकच जागा उरली होती.

स्क्रीनवर तो कंसांचा कचरा तसाच होता. दुन्याने माऊसचं चाक सापडताच ते जोरात फिरवलं. कंस धावायला लागले. दांडे, आकडे, कंस, कंस. पोर खिदळली, दमली आणि थांबली. कचराही थांबला. आणि बरोबर मध्यभागी, दोन कंसांच्या बेचक्यात, नेवेनाला दिसलं: *ज्याला वांगं घालायचंय त्याने खुशाल घालावं, पण मग त्याला आयवार म्हणू नये, भरीत म्हणावं आणि उत्तरेकडेच खावं.*

नेवेनाने ती ओळ पुन्हा वाचली. मग थोडं खाली गेली. आणखी कंस, आणि त्यांच्यामध्ये पुन्हा: *मी रागावलेलो नाही. मी फक्त खरं बोलतोय.*

हे बाबा होते. असेच बोलायचे.

गेलेलं काहीच नव्हतं. पानं जशीच्या तशी होती, अक्षर न् अक्षर. त्यांना माणसासारखं दाखवणारा चष्मा तेवढा तिने फेकून दिला होता आणि नाकावर भलताच चढवला होता. कॉम्प्युटरबरोबर आलेला एक जुना ब्राउझर अजून आत कुठेतरी होता. त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं की आता ही पानं तुझी.

नेवेना मोठ्याने हसली. बाहेरच्या खोलीत कुजबुज थांबली.

“डोक्यावर परिणाम झाला बहुतेक,” सावका हळूच म्हणाली.

“पोर बघा कुणीतरी,” मिलुतिन म्हणाला.

म्हणून सगळेच बघायला आले. नेवेनाच्या खुर्चीमागे काळ्या कपड्यांची भिंत उभी राहिली. तिने लक्ष दिलं नाही. सेटिंग्ज उघडली. प्रोग्रॅम. कोणत्या प्रकारची फाईल आपोआप कशात उघडायची, त्याची भली मोठी यादी. वेब पानांची ओळ शोधली, तिच्यासमोरची वही काढली आणि जुन्या ब्राउझरचं नाव बसवलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? नेवेना म्हणाली, “नक्की रे बाबा, नक्की.” मागे काकूंनी पुन्हा क्रूस काढला.

फोल्डरातल्या सगळ्या वह्यांवर एकदम निळे गोळे उमटले. तिने पहिलं हाताला लागलं ते पान उघडलं.

वर मोठ्ठी लाल मिरची. खाली टोपी घातलेल्या तिहोमिरचा फोटो. आणि काळ्या अक्षरांत, नीट, ओळीखाली ओळ, ते बोलत होते.

“अरे, हा तर आपला तिहा!” स्तोयान काका पान्ह्यासकट पुढे घुसले. “बघू, बघू, काय म्हणतोय.” आणि नेवेनाने पान बंद करायच्या आत त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. “‘तुम्ही विचारता वांग्याने काय बिघडतं. आमच्या शेजारीणबाई गुपचूप वांगं घालतात आणि देवाशपथ नाही म्हणतात. त्यांनी दिलेल्या बरणीतल्या आयवारने मी कोंबड्यांच्या खुराड्याची फट बुजवली. दोन पावसाळे झाले, आत पाण्याचा थेंब नाही.’ हा हा! तिहा रे! कोण ही शेजारीण? ‘त्यांचा नवरा बिचारा अंधार पडला की माझ्याकडे येतो, आमच्या आयवारची बरणी कोटाखाली लपवून नेतो आणि गॅरेजमध्ये बसून...’”

काका थांबले. भिंतीत कुणीतरी खोकलं.

“पुढे वाचा ना,” झागोर्का काकू म्हणाल्या.

“अक्षर बारीक आहे.”

“सावका, तुझा चष्मा दे.”

आणि काळी चौकट ज्यांनी वाचली नव्हती, त्या झागोर्का काकूंनी आता स्क्रीनला नाक लावून एकेक ओळ वाचली. सावकाश. बोट फिरवत. नेवेनाने डोळे मिटून घेतले. तिला एकाएकी समजलं की सासूबाई दार का लावून घ्यायच्या आणि दाराआडून येणारा तो दबका आवाज कसला होता. जवळजवळ पाच वर्षं ती नळ सोडत आली, आणि सासूबाई आत तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या.

पुढच्या पानावर सावकाच्या बेकरीतल्या पावाबद्दल होतं. त्याच्या पुढच्या पानाला कुणाचा हात लागायच्या आत अंगणातून आवाज आला. गिरणीचे शंभर माग कापत जाणारा तो आवाज.

“माझं फाटक कुणी काढलं?”

मिलुतिनच्या हातून पेला पडला. दोघींपैकी एक काळा रुमाल मटकन खाली बसला. राडोय्का सुटकेस ओढत आत आल्या, गुडघे शेकून ताठ झालेल्या, गाल लाल. त्यांनी पलंगपोस टाकलेला आरसा बघितला. कॉफीची पुडकी बघितली. बाटल्या बघितल्या. काळे झगे बघितले.

“कोण गेलं?”

स्तोयान काकांनी पान्हा पाठीमागे लपवला.

“तू,” दुन्या म्हणाली.

राडोय्का सुटकेसवर बसल्या. एकेकाचा चेहरा निरखून बघितला, जणू हजेरी घेत होत्या.

“नानासिया नाही आली?”

“तिचे पाय सुजलेत,” सावका पुटपुटली.

“माझे पण सुजले होते. मी गेले होते तिच्या नवऱ्याच्या वेळी.”

मिलुतिनने घाईघाईने दुसरा पेला भरला आणि सवयीने त्यातला थेंब मयताच्या नावाने जमिनीवर सांडायला लागला.

“सांडू नकोस,” राडोय्का म्हणाल्या. “सगळी इकडे दे.”

झागोर्का काकू अजून स्क्रीनपाशीच होत्या. त्या सावकाश वळल्या. मघाशी याच बाईसाठी ढसाढसा रडलेले त्यांचे डोळे अजून ओले होते, आणि म्हणूनच त्यांना काय वाटावं ते ठरेना.

“राडोय्का. खुराड्याची फट?”

नेवेनाला वाटलं, आता भूकंप व्हावा. छोटासा, आपल्या घरापुरता.

राडोय्कांनी पेला रिकामा केला. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग सुनेकडे, मग पुन्हा काकूंकडे.

“पाणी आत येत नाही,” त्या म्हणाल्या. “हे मात्र खरं आहे.”

“मी तुझ्यासाठी गहू भिजवलेत, गहू!”

“भिजवलेस तर शिजव. वाया कशाला घालवतेस.”

काकू तरातरा निघाल्या. दारातून परत आल्या, मघाशी परत केलेली चाळणी उचलली आणि पुन्हा निघाल्या. बाकीचे त्यांच्यामागे, भिंतीला धरून, एकमेकांकडे न बघता. कॉफी, साखर कुणी परत मागितली नाही. मयताच्या घरातून काही परत नेत नाहीत आणि मयत जिवंत असेल तर काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. स्तोयान काका तेवढे मागे राहिले. फाटक लावायला म्हणून. एक बिजागर ते फार वेळ बसवत होते. घरी जायची त्यांना काही घाई नव्हती.

घर शांत झालं. नेवेना भिंतीला टेकून उभी राहिली.

“आई, मी तुमचा ब्राउझर काढून टाकला. दुपारी. न विचारता. मग पानं पांढरी झाली, मग मी ती वहीत उघडली, मग... आता परत लावलीत. दुसऱ्यात. सगळी आहेत. मला वाटतं सगळी आहेत.”

राडोय्का कॉम्प्युटरकडे वळल्या. खुर्चीत बसल्या. एक पान उघडलं, बंद केलं. मधलं एक उघडलं. अगदी शेवटचं उघडलं. प्रत्येक वेळी लाल मिरची आणि टोपीवाला माणूस वर आला. तरी त्यांनी फोल्डर बंद केला, पुन्हा उघडला आणि पहिलं पान पुन्हा बघितलं. नेवेनाला पहिल्यांदाच दिसलं की भीती या बाईलाही वाटते आणि आज दिवसभर नेवेनाला जेवढी वाटली तेवढीच, फक्त ती रोज वाटते.

“चार वाजून गेले,” राडोय्का म्हणाल्या. “दार लावून घे.”

नेवेनाने दुन्याचा हात धरला आणि बाहेर जायला निघाली.

“बाहेरून नाही गं. आतून.”

नेवेनाने दार लावलं. आत आल्यावर कुठे उभं राहायचं हे तिला माहीत नव्हतं, तेव्हा सासूबाईंनी पायाने स्टूल तिच्याकडे सरकवलं. मग त्यांनी न शोधता, जणू रोजची वाट असावी तसं, एक पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

*घरात सून आली आहे. मिरच्या चांगल्या सोलते, पण घाईत अर्धी सालं ठेवते. आयवारमध्ये साल म्हणजे दोष, हे मी या कट्ट्यावर नऊ वर्षं सांगत आलोय. यंदा मी काही बोलणार नाही. तुम्ही कुणी बोललात तर तुमच्याशी भांडेन. आता मला सालीशिवाय आयवार बेचव लागतो.*

ओट्यावरच्या मिरच्या नेवेनाला आठवल्या आणि त्या थंड होऊन गेल्या असतील हेही. ती उठली नाही. शेजारून तो आवाज सुरू झाला, दबका, धक्क्याधक्क्याने येणारा. तिने वळून बघितलं. राडोय्का हसत होत्या की नाही, हे इतक्या जवळूनही सांगता येत नव्हतं.

दुन्या आजीच्या मांडीवर चढली. तिने स्क्रीनवरच्या टोपीला बोट लावलं.

“हे आजोबा?”

“हे आजोबा,” राडोय्का म्हणाल्या. “बघ, किती बडबडतात.”

“तू पण लिहिलंयस?”

“मी कशाला लिहीन? मी नुसती वाचते.”

दुन्याने एकदा आजीकडे आणि एकदा टोपीकडे बघितलं. मग ती आजीच्या मांडीवरून उतरली, आईपाशी आली आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिच्या कानात म्हणाली,

“आई, आजी खरंच मेली ना, की तिला कशात उघडायचं?”